चूल, गिऱ्हाईक आणि घड्याळ

स्वयंपाक येणे आणि खानावळ चालवता येणे या दोन निराळ्या विद्या आहेत, हे घरात लग्नकार्य पार पाडलेल्या कोणत्याही बाईला सांगावे लागत नाही. चार माणसांचे जेवण उत्तम करणारा हात चाळीस पाने एकदम वाढावयाची वेळ आली की घाबरा होतो. मीठमसाल्याचा अंदाज तोच असतो. चुकतो तो वेळेचा अंदाज. भात निवतो, भाकऱ्या संपतात, आणि कालवण अजून चुलीवरच असते. स्वयंपाकातला हा जो वेळेच्या जुळणीचा भाग आहे, त्यावर आज मोबाईलमध्ये एक मोठा खेळ उभा राहिला आहे. आपल्या घरची मुले तो खेळतात, कॉलेजातले विद्यार्थी खेळतात, आणि दुपारची कामे आटोपल्यावर कित्येक मोठी माणसेही खेळतात.

श्रोतेहो, या खेळाविषयी आज आपल्याशी थोडे बोलावयाचे आहे. खेळ वाईट, असे एका वाक्यात म्हणून मोकळे होण्याचा माझा विचार नाही. आणि त्यात फार मोठे शिक्षण भरले आहे असाही दावा नाही. या खेळात काय आहे, काय नाही, आणि त्याचा पैसा कोठून येतो, असे तीन प्रश्न आपण क्रमाने घेऊ.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी त्याचे स्वरूप सांगतो. मोबाईलच्या पडद्यावर एक लहानशी खानावळ दिसते. समोर गिऱ्हाइके येऊन उभी राहतात. प्रत्येकाच्या डोक्यावर त्याला हव्या असलेल्या पदार्थांची चित्रे असतात आणि शेजारी एक रंगीत पट्टी असते. ही पट्टी म्हणजे त्या गिऱ्हाइकाचा धीर. ती हळूहळू उतरत जाते. संपली की गिऱ्हाईक पाय आपटीत निघून जाते. खेळणाऱ्याने बोटाने तव्यावर पदार्थ टाकावा, शिजताच उचलावा, ताटलीत ठेवून द्यावा. उशीर झाला तर तव्यावरचे करपते. वेळेत दिले तर नाणी मिळतात, त्या नाण्यांतून मोठा तवा किंवा दुसरी शेगडी घेता येते. मग पुढची पायरी. तिथे गिऱ्हाइके अधिक, पदार्थ अधिक, धीर मात्र कमी.

या प्रकाराला चाळीस वर्षांहून अधिक इतिहास आहे. १९८३ मध्ये अमेरिकेत ‘टॅपर’ नावाचा यंत्रावरचा खेळ निघाला. त्यात मद्यालयातल्या नोकराने लांब टेबलांवरून भरलेले पेले गिऱ्हाइकांकडे सरकवावयाचे असत. पुढे संगणकावर ‘डायनर डॅश’ आला; त्यातली नायिका फ्लो कचेरीतली नोकरी सोडून स्वतःचे उपाहारगृह चालवते. २००६ मध्ये जपानात ‘कुकिंग मामा’ निघाला. २०१४ मध्ये लिथुआनिया या लहानशा युरोपीय देशातल्या कंपनीचा ‘कुकिंग फीव्हर’ मोबाईलवर आला. आणि गंमत अशी की, त्याच २०१४ साली आपल्या शेजारच्या कर्नाटकातल्या उडुपी गावातून ‘९९गेम्स’ या कंपनीने ‘स्टार शेफ’ नावाचा असाच खेळ जगभर पाठवला. उडुपीच्या माणसांनी मुंबईला वेळेवर आणि माफक दरात जेवू घातले. माटुंग्याचे रामा नायकांचे उडुपी बोर्डिंग १९४२ पासूनचे आहे. त्याच उडुपीने खानावळीचा खेळही करावा, हा योगायोग मला मोठा अर्थपूर्ण वाटतो.

आता या खेळात काय आहे ते पाहू. त्यासाठी आपण मोबाईल बाजूला ठेवू आणि कळंबच्या किनाऱ्यावर जाऊ. नालासोपाऱ्याहून पश्चिमेला निर्मळच्या बाजूने निघाले की कळंब लागते. एका अंगाला राजोडी, दुसऱ्या अंगाला भुईगाव, मध्ये सुरूची झाडे आणि वाळू. सुट्टीच्या दिवशी विरार-नालासोपाऱ्याकडची, मुंबईची माणसे येथे येतात. सकाळभर पाण्यात खेळतात आणि दुपारी एकच्या सुमारास सगळ्यांना एकदम भूक लागते. खानावळ चालवणाऱ्याची परीक्षा या ‘एकदम’ शब्दात आहे.

समजा, एका खानावळीत एकच शेगडी रिकामी आहे आणि तीन गिऱ्हाइके एकाच वेळी आली. एकाला चहा हवा, तो २ मिनिटांत होतो. दुसऱ्याला ऑम्लेट हवे, त्याला ५ मिनिटे. तिसऱ्याला कालवण करून हवे, त्याला १५ मिनिटे. आधी कालवण चढवले, मग ऑम्लेट, मग चहा, तर त्यांना अनुक्रमे १५, २० आणि २२ मिनिटे थांबावे लागेल. सरासरी १९ मिनिटे. आता क्रम उलटा करा. चहा २ मिनिटांत, ऑम्लेट ७ मिनिटांत, कालवण २२ मिनिटांत. सरासरी साडेदहा मिनिटांहूनही थोडी कमी. शेगडी तीच, आचारी तोच, काम तेवढेच. केवळ क्रम बदलला आणि सरासरी थांबणे जवळजवळ निम्म्यावर आले. लहान काम आधी, हा तो नियम. खेळणारी मुले हा नियम कोणी न शिकवता उचलतात.

पण नियमाची दुसरी बाजूही बघा. चहावाले एकामागून एक येतच राहिले आणि आपण प्रत्येक वेळी लहान काम आधी घेत गेलो, तर कालवणवाल्याची पाळी संध्याकाळपर्यंत यावयाची नाही. सरासरी उत्तम आणि एका माणसावर अन्याय, अशी स्थिती होते. म्हणून जाणता खानावळवाला लहान कामे पुढे घेतो खरा, पण मोठे काम किती वेळ मागे ठेवावयाचे याची मर्यादा मनात बांधून ठेवतो. हा विचार हिशेबाचा तसाच न्यायाचाही आहे.

आणखी एक शेगडी मिळाली तर? कालवण एका शेगडीवर, चहा आणि मागोमाग ऑम्लेट दुसरीवर. आता २, ७ आणि १५ मिनिटांत तिघेही मोकळे. मग तिसरी शेगडी आणली तर? ऑम्लेट दोन मिनिटे आधी होईल एवढेच. कालवण १५ मिनिटांच्या आत होणार नाही ते नाहीच. साधने वाढवून वेळ वाचवण्याला हद्द असते, आणि ती हद्द सर्वांत लांबलेले काम ठरवते. त्या कामाला आधी हात घातला, निदान त्याची तयारी आधी करून ठेवली, तरच सुटका. आमच्या भागात आगाशीचे भुजिंग प्रसिद्ध आहे, ते निखाऱ्यावर भाजलेल्या कोंबडीचे आणि पोह्यांचे असते. भाजणे हे वेळखाऊ काम आधी उरकून ठेवले तर पुढची जुळणी गिऱ्हाईक आल्यावर झटपट करता येते. मासे साफ करून मसाला लावून ठेवणे, पीठ आधी उकड काढून मळून ठेवणे, ही सारी त्याच शहाणपणाची रूपे आहेत.

या शहाणपणाचे शास्त्रही झाले आहे. डेन्मार्कमधील कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत एरलांग नावाचे एक गणिती होते. एकाच वेळी पुष्कळ लोक फोन करू लागले तर किती जणांना थांबावे लागेल, याचा विचार त्यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केला. रांगेचे गणित तेथून सुरू झाले. पुढे १९६१ मध्ये जॉन लिटल या अमेरिकन संशोधकाने एक अगदी सोपा नियम सिद्ध करून दाखवला. तो असा: दर तासाला येणारी माणसे गुणिले प्रत्येकाचा मुक्काम, बरोबर आत बसलेली माणसे. समजा, खानावळीत तासाला २० माणसे येतात आणि प्रत्येक जण पाऊण तास असतो. मग सरासरी १५ माणसे बाकांवर असतील. आता स्वयंपाकघर मंदावले आणि मुक्काम एक तासाचा झाला, तर बाकांवर २० माणसे होतील. एकही गिऱ्हाईक वाढले नाही, तरी पाच जागा अधिक लागल्या! मालक म्हणतो, बाके कमी पडतात. खरे पाहता उशीर शेगडीशी झालेला असतो.

रांगेच्या गणिताने सांगितलेली आणखी एक गोष्ट तर फारच डोळे उघडणारी आहे. गिऱ्हाइके अनियमितपणे येतात असे धरून साधा हिशेब केला तर, शेगडी शंभरातली ८० मिनिटे कामात असेल तेव्हा सरासरी ४ कामे तिच्यापाशी असतात. ९० मिनिटे कामात असेल तर ९. आणि ९५ मिनिटे असेल तर १९! काम थोडेसेच वाढले, रांग मात्र कित्येक पटींनी वाढली. मुले म्हणतात ना, “कालची पायरी सहज जमली आणि आजची काही केल्या जमत नाही,” त्याचे मर्म येथे आहे. मुलाचा हात एका दिवसात मंदावलेला नसतो. खेळ रचणाऱ्याने शेगडीची उसंत तेवढी काढून घेतलेली असते. दिवसाचे सर्व तास भरून टाकलेला शिक्षक, तिथी आणि तारखा ठासून भरलेले वेळापत्रक, यांनाही हाच नियम लागू आहे. थोडी मोकळी जागा ठेवली नाही तर पहिल्याच अडचणीला सगळे कोसळते.

येथवर खेळाची चांगली बाजू झाली. कामाचा क्रम लावणे, एका हाताने करताना दुसऱ्याकडे लक्ष ठेवणे, अडले कोठे ते ओळखणे, हे त्यात खरोखर आहे. आता काय नाही ते पाहू.

माझ्या वर्गातला एक मुलगा सुट्टीच्या दिवशी किनाऱ्यावर घरच्या खानावळीत राबतो आणि रात्री हाच खेळ खेळतो. मी त्याला विचारले, “दोन्हींत फरक काय रे?” तो चटकन म्हणाला, “सर, खेळात भांडी घासायला लागत नाहीत.” उत्तर हसण्यासारखे आहे, पण नीट पाहिले तर फार खोल आहे. खेळात धूर नाही, घाम नाही, कंबर धरत नाही. पहाटे उठून बाजार करावा लागत नाही. पावसाळ्यात जून-जुलैमध्ये यांत्रिक बोटींची समुद्रातली मासेमारी बंद असते. तेव्हा किनाऱ्यावरच्या खानावळीला ताज्या माशाची चिंता पडते. खेळातला मासा बाराही महिने बोट लावताच हजर. करपलेला पदार्थ टोपलीत टाकला की नाहीसा होतो. कोणाच्या मेहनतीचे काय झाले, हा प्रश्न उद्भवतच नाही. चवीचा तर विषयच नाही. म्हणून या खेळात तरबेज झालेल्या मुलाला स्वयंपाक येतो असे समजू नये, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, स्वयंपाक करणाऱ्या माणसाचे कष्ट त्याला कळले असेही समजू नये. आपल्याकडे हे कष्ट बहुधा घरातल्या बायकांच्या वाट्याला येतात. पडद्यावर शंभर ताटे वाढलेल्या मुलाने जेवून उठताना आपले एक ताट उचलले नाही, तर त्या शंभर ताटांचा काय उपयोग?

दुसरी उणीव याहून सूक्ष्म आहे. या खेळात गिऱ्हाईक आणि खानावळवाला एकमेकांशी बोलत नाहीत. धीराची पट्टी उतरते ती उतरतेच. प्रत्यक्षात तसे होत नाही. डेव्हिड मेस्टर या अभ्यासकाने १९८५ मध्ये रांगेत थांबणाऱ्यांच्या मनाविषयी लिहिले. किती वेळ लागेल हे ठाऊक नसले की थांबणे लांबलचक वाटते. कारण सांगितले, हाताला काही काम दिले, की तोच वेळ आखूड वाटतो, असे त्याचे सांगणे. कळंबच्या कोणत्याही मावशींना हे पुस्तकावाचून ठाऊक आहे. “दादा, भाकरी गरम करून देते, दहा मिनिटं लागतील, तोवर सोलकढी घ्या,” असे म्हटले की रागावलेले गिऱ्हाईक खाली बसते. दहा मिनिटे दहाच राहतात. पण आता ती दोघांनी मिळून मान्य केलेली असतात. वेळेच्या नियोजनात दिलेल्या शब्दाला केवढी किंमत आहे, हे त्या पट्टीला दाखवता येत नाही.

आता तिसरा प्रश्न: पैसा कोठून येतो? मोबाईलवरचे असे बहुतेक खेळ फुकट मिळतात. फुकट देऊन कंपनी चालते कशी? काही उत्पन्न जाहिरातींतून येते. उरलेले येते ते थांबण्यातून. हे जरा समजून घ्या. पहिल्या काही पायऱ्या सोप्या असतात. पुढे नवी शेगडी घेतली की ती बसवायला काही तास लागतील असे खेळ सांगतो. दोन-चार वेळा हरले की ‘शक्ती’ संपली, आता अर्ध्या तासाने या, असे म्हणतो. आणि त्याच वेळी खाली एक बटण चमकू लागते: हिरे वापरा आणि लगेच पुढे चला. हे हिरे थोडे खेळून मिळतात, बाकीचे खऱ्या रुपयांनी घ्यावे लागतात.

या थांबण्याचा उगम कोठे आहे ते पाहा. कालवणाला पंधरा मिनिटे लागतात, कारण मासा शिजावयास तेवढी आच हवी. पडद्यावरच्या शेगडीला सहा तास लागावेत असे कोणतेही कारण निसर्गात नाही. ते सहा तास विकण्यासाठी तयार केलेले आहेत. आधी अडथळा घालावयाचा आणि मग तो दूर करण्याचा मोबदला घ्यावयाचा, असा हा व्यवहार. जो खेळ वेळेचे मोल शिकवतो असे आपण म्हणतो, तोच खेळणाऱ्याच्या अधीरतेवर आपली चूल पेटवतो. गिऱ्हाइकाच्या डोक्यावरची धीराची पट्टी आपल्याला दिसते. आपल्या स्वतःच्या डोक्यावरही एक पट्टी आहे आणि ती कंपनीला दिसते, हे मात्र ध्यानात येत नाही.

मुलांच्या बाबतीत हा प्रश्न जगभर गाजला आहे. पालकांच्या संमतीवाचून मुलांनी मोबाईलवरच्या खेळांत केलेल्या खरेदीबद्दल अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी झालेल्या तडजोडीत, जानेवारी २०१४ मध्ये, ॲपल कंपनीने निदान ३ कोटी २५ लाख डॉलर ग्राहकांना परत करण्याचे मान्य केले. आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला. त्याने पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर बंदी आणली. खानावळीचा खेळ त्या जातीचा नाही. यात पैसे जिंकण्याची आशाच नसते. पैसा एकाच दिशेने जातो, खेळणाऱ्याकडून कंपनीकडे. तेव्हा कायदा झाला, आता चिंता नाही, असे समजून पालकांनी निर्धास्त राहू नये.

मग करावे काय? मोबाईल हिसकावून घेणे हा उपाय फार दिवस टिकत नाही. त्यापेक्षा काही साध्या गोष्टी कराव्यात. मोबाईलवरची खरेदी परवलीच्या शब्दावाचून होणार नाही अशी सोय करून घ्यावी आणि तो शब्द आपल्यापाशी ठेवावा. खेळ थांबवावयाचा तर पायरी संपल्यावर थांबवावा. अर्ध्यात तोडला तर मुलाचे मन त्यातच अडकून राहते. ‘शक्ती संपली’ असे खेळाने सांगितले की तोच शुभमुहूर्त समजून मोबाईल खाली ठेवण्याची सवय लावावी. कंपनीने अडवण्यासाठी उभी केलेली भिंत आपण थांबण्यासाठी वापरावी.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी एक विनंती आहे. हा खेळ मोबाईलवाचून वर्गात खेळता येतो. फळ्यावर एक शेगडी काढा, वर सांगितलेले चहा, ऑम्लेट आणि कालवण लिहा, आणि क्रम लावायला सांगा. तिघांच्या थांबण्याची सरासरी काढू द्या. मग दुसरी शेगडी द्या, मग तिसरी. तिसरीचा फायदा इतका थोडा का झाला, हे मुलांनाच शोधू द्या. शेवटी विचारा, “कालवणवाल्याला सगळ्यांच्या मागे ठेवणे बरोबर आहे का?” गणिताच्या तासाला नागरिकशास्त्राचा प्रश्न असा सहज येऊन बसतो. आणि घरचा अभ्यास म्हणून एकच काम द्या: घरात सकाळचा स्वयंपाक कोणत्या क्रमाने होतो, कोणते काम कोणत्या कामाच्या पोटात बसवले जाते, ते पाहून लिहून आणावयाचे. आमटीला उकळी येईस्तोवर कणीक मळून झालेली असते, तिकडे डबा भरला जातो, आणि मधूनच कोणाचे दप्तर शोधून दिले जाते. ज्या मुलाने पडद्यावर ही धावपळ केली आहे त्याला ती पटकन ओळखू येईल. त्या ओळखीतून तो आईच्या हातातली एक भाकरी आपल्या हातात घेऊन तव्यावर टाकील, पहिली बहुधा करपवील, आणि दुसरी टाकताना आच किती ठेवावी हे आईला विचारील.